काकू ‘वाढव’ म्हणाली होती

ही रात्रीची गोष्ट नाही.

सगळे रात्रीचं लिहितात. पिंपळ, अमावस्या, घुंगरू. मी सांगतोय ते टळटळीत दुपारी झालं. गुरुवार, १६ मे २०२४. देगलूर. सव्वादोन वाजता.

यात एक अक्षरही वाढवून लिहिलेलं नाही.

‘वाढवून’... हा शब्दसुद्धा आता मी जपून वापरतो.

मी शिवम. लातूरला कंप्युटर रिपेअर करतो. क्लासेसवाल्यांचे, दाल मिलवाल्यांचे, कुणाचेही. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं, एवढंच मी मानत आलो. धूळ, उंदीर, नाहीतर फुगलेला कपॅसिटर. चौथं कारण मी पाहिलेलं नव्हतं.

माझे काका ईश्वरप्पा देगलूरात लग्नपत्रिका बनवायचे. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक कंप्युटर. मराठी, कन्नड, तेलुगू, तिन्ही भाषांत पत्रिका. त्यांचे जुने फॉन्ट फक्त त्याच मशीनवर चालायचे, म्हणून दोन हजार सातचं ते मशीन त्यांनी कधी बदललं नाही. दुपारी जेवून, वामकुक्षी करून बरोबर सव्वादोनला ते बटण दाबायचे.

पाडव्याच्या आधल्या आठवड्यात ते गेले. खुर्चीतच. समोर अर्धी झालेली पत्रिका. चारला काकू चहा घेऊन गेली, खांद्याला हात लावला...

फट.

मशीनमधून आवाज आला आणि स्क्रीन काळी झाली. पॉवर सप्लाय, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा, त्याच क्षणी जळाला.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. काका बसलेलेच गेले, बसलेलेच पुरले.

त्यानंतर काकू संपत चालली.

*

संपत म्हणजे कशी, ते सांगतो.

पार्वतीकाकू अंगानं भरलेली बाई. गल्लीत कुणाशी भांडण झालं तर आधी तिला हाक मारायचे, असली. महिन्याभरात तिचं वजन चौदा किलोनं उतरलं. देगलूरच्या डॉक्टरनं तपासलं, नांदेडला नेऊन सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट चांगले. साखर नाही, थायरॉईड नाही, काही नाही.

झोपच नाही फक्त. आणि हात थंड.

मे महिन्यात.

काका-काकूंना मूल नाही. मला तिनंच वाढवलं... परत तोच शब्द. सातवीपर्यंत मी तिच्याकडे होतो. मला ती अजून कन्नडातलं लाडाचं ‘तम्मा’ म्हणते.

१४ तारखेला तिचा फोन आला.

“तम्मा, त्या कंप्युटरचं कायतरी कर बाबा.”

“काय झालं काकू?”

“रोज दुपारी सुरू व्हाया बघतो. आन व्हईना.”

“कोण लावतं त्याला?”

“कुणी न्हाई. आपल्या आपण. जरासा घुरघुरतो... आन पडतो. लई हाल हाईत रं त्याचे. ऐकू वाटंना.”

मला वाटलं, प्लग लागलेला राहिला असेल. जळका सप्लाय कधी कधी असा धक्के देतो.

“पॉवर कमी पडत असेल,” मी म्हणालो.

तिनं आवाज खाली आणला. मग म्हणाली,

“वाढव त्याला, तम्मा. वाढवून टाक एकदाचं.”

“हाव. वाढवतो.”

मी असं म्हणालो. मीच.

*

लातूरला कंप्युटरचे सुटे भाग मी वैजनाथभाऊंच्या दुकानातून घेतो.

“कोणतं मशीन?”

“दोन हजार सातचं.”

“म्युझियमला देऊन टाक.”

“काकांचं आहे, भाऊ.”

“मग बस. चहा सांगतो.”

जुन्या मशीनला सप्लाय निवडणं सोपं नसतं. मशीनच्या जुन्या मदरबोर्डाला वीस पिनांचा प्लग लागतो, आताचे चोवीसचे येतात. चार पिना सुट्या होतात का ते बघावं लागतं. जुन्या हार्ड डिस्कला रुंद, चार पिनांचा प्लग. नव्या सप्लायला तो एखादाच असतो, काहींना नसतोच. आणि जुनं बोर्ड पाच व्होल्टवर जास्त जगतं. नवे सप्लाय सगळा जोर बारावर देतात. म्हणून लेबलवर पाचच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते आधी वाचायचं.

मग हातात धरून वजन बघायचं. हलका असेल तर ठेवून द्यायचा. वर साडेचारशे वॅट छापलेलं असतं, आत दोनशेसुद्धा नसतात.

वैजनाथभाऊंनी तीनशेचा काढला. चांगला होता.

“साडेचारशेचा द्या.”

“काहून? जुनं मशीन हाय ते. शंभरच्या वर जाणार न्हाई.”

“काकू वाढव म्हणालीय.”

“काकू इंजिनिअर हाय का?”

“पत्रिकावाल्याची बायको आहे.”

“सायकलीला ट्रॅक्टरचं इंजिन लावून राहिला तू.” ते हसले. स्टुलावर चढून मागचा खोका काढला. हातात दिला. चांगलाच जड होता. “ने. नुकसान कायबी न्हाई. सप्लाय कधी ढकलत नसतो. मशीनला लागतं तेवढंच मशीन ओढतं.”

लागतं तेवढंच.

*

लातूर, उदगीर, देगलूर. एसटीत खोका मांडीवर. खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता, इतकं ऊन.

दीडला पोचलो.

काकूनं दार उघडलं आणि मी तिला ओळखलं नाही. दोन सेकंद. खरंच. ब्लाउजच्या बाहीत हात काठीसारखा. काकांनंतरही न काढलेल्या बांगड्या मनगटावरून सुटून कोपरापर्यंत चढलेल्या.

“आलास? जेवला का?”

आवाज तेवढा तिचाच होता.

पुढच्या खोलीत गेलो. टेबलावर चादर. चादरीखाली मशीन. खुर्ची जागेवर.

आधी प्लग पाहिला.

लागलेला नव्हता.

वायर गुंडाळून खिळ्याला अडकवली होती. तिच्यावर धूळ.

“काकू, हे कधीपासून असं काढलेलं आहे?”

“ते गेले त्या दिशी साखराबाईनं काढून ठेवला. जळका वास येत हुता म्हून.”

साखराबाई शेजारची.

म्हणजे महिना उलटून गेला होता. मी हसण्याचा प्रयत्न केला.

“मग तुला भास होत असेल.”

“असंल. बस तू. सव्वादोन व्हायलेत.”

मी चादर काढली. खाली बसलो. पंखा गल्लीत कुणाचा तरी चालू होता. लांब एक कुत्रं. मग तेही गप्प.

सव्वादोन.

काही नाही.

मी वळून काकूकडे बघणार, तेवढ्यात...

टक.

कॅबिनेटच्या आत.

घुर्रर्र...

मागच्या जाळीतून दिसत होतं. पंखा हलला. पाव फेरा. परत पाव. म्हातारा माणूस उठायला बघतो, हात टेकतो, आणि परत बसतो... तसा.

टक.

थांबला.

मागे काहीतरी पडलं.

काकू. चौकटीला धरून ती खाली बसली होती. डोळे उघडे, श्वास वरचेवर. मी हात धरला. रांजणात हात घातल्यासारखा थंड.

“हे असंच हाय बघ रोज,” ती म्हणाली. “त्याचं झालं की मला असं व्हतं.”

त्याचं झालं की.

तेव्हाच कळायला हवं होतं मला.

*

कॅबिनेट उघडलं. जुना सप्लाय बाहेर काढला, त्याचे स्क्रू काढले. आतले दोन कपॅसिटर फुटलेले. तळ काळा. हिरवी वायर काळ्या वायरीला जोडली की चांगल्या सप्लायचा पंखा फिरतो. ही आमची साधी चाचणी. भिंतीच्या बोर्डाला लावून करून पाहिली.

काही नाही. मेलेला.

मेलेल्या सप्लायचा पंखा मी पाच मिनिटांपूर्वी हलताना पाहिला होता.

हात चालू ठेवले. हात चालू असले की डोकं गप्प बसतं. नवा सप्लाय बसवला. वीस पिना लावल्या, चार बाजूला सोडल्या. हार्ड डिस्कचा प्लग. चार स्क्रू.

माझ्याकडे एक वॅट मीटर असतं. भिंतीच्या बोर्डात ते घालायचं, त्यात मशीनचा प्लग. मशीन किती ओढतंय ते आकड्यात दिसतं.

बटण दाबलं.

लागलं. एकदम. पंखा सरळ, एकसुरी. स्क्रीन उजळली.

७१ वॅट.

“काकू, झालं बघ!”

मी वळलो.

ती चौकटीपाशीच झोपली होती. तोंड किंचित उघडं. घोरत होती. चाळीस दिवसांनी.

मला इतकं बरं वाटलं. उशी आणून डोक्याखाली सारली. हात लावून पाहिला. कोमट.

परत येऊन मीटर पाहिलं.

१३४.

जुनं मशीन सुरुवातीला थोडं जास्त ओढतं. असेल.

१९०.

हार्ड डिस्क शांत होती. काही उघडलेलं नव्हतं. स्क्रीनवर फक्त ती अर्धी पत्रिका.

पत्रिका... मी उघडली नव्हती.

२६०.

एवढं ओढल्यावर बोर्ड तापून वास यायला हवा. हात लावला. थंड. लोखंड हाताला चिकटावं तसं थंड.

३८८.

पत्रिकेत कर्सर लुकलुकत होता. ‘आपले नम्र’ इथं काका थांबले होते. पुढं कोरं.

खुर्ची करकरली.

मी खुर्चीत नव्हतो. मी खाली फरशीवर बसलो होतो. रेक्झिनची गादी हळूहळू खाली गेली, मधोमध... आणि तशीच राहिली.

४५०.

आकडा तिथं थांबला. जेवढं देता येत होतं तेवढं सगळं.

मी ओरडलो नाही. काकूची झोप मोडली असती.

*

चारला ती आपली आपण उठली. गालांवर रंग. केस बांधत म्हणाली, “भूक लागली बघ. भाकरी टाकू का दोन?”

मग तिला आवाज ऐकू आला. पंखा.

ती खोलीत आली. स्क्रीन पाहिली. खुर्ची पाहिली, त्या दबलेल्या गादीकडे बराच वेळ. आणि माझ्यावर अशी नजर टाकली की लहानपणी दूध सांडल्यावर टाकायची.

“हे काय करून बसलास?”

“वाढवला. तीनशेचा पुरला असता, मी साडेचारशेचा आणला.”

“मी तुला काय सांगितलं हुतं?”

“वाढव म्हणालीस.”

“आरं येड्या...” ती टेबलाला धरून खाली बसली. “दुकान वाढवलं म्हंजे काय करत्यात? मोठं करत्यात का?”

मी मीटरकडे बघितलं.

“नारळ वाढवत्यात तवा काय व्हतं नारळाचं?”

फोडतात. नारळ फोडला म्हणत नाहीत, म्हणून वाढवला म्हणतात. संध्याकाळी दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. कुंकू पुसलं म्हणत नाहीत. बांगड्या फुटल्या म्हणत नाहीत. जे तोंडानं म्हणायचं नसतं, तिथं आपण ‘वाढवलं’ म्हणतो.

हे मला माहीत होतं. कुणाला माहीत नसतं?

“त्यांची सुटका कर म्हणत हुते मी. बंद कर म्हणत हुते. ‘बंद कर’ हे कसं म्हणू? माझ्या तोंडानं?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “आन तू त्यांला अजून बळ दिलंस व्हय.”

“आत्ता बंद करतो.”

“कर.”

मी मीटरमधून प्लग उपटला.

मीटर शून्यावर.

पंखा...

थांबला नाही.

एकसुरी. तसाच. स्क्रीन उजळ, कर्सर चालू. वायर माझ्या हातात.

दहा सेकंद. वीस.

“तम्मा,” काकू म्हणाली. “मला कसंतरीच व्हायलंय...”

वळलो. तिच्या तोंडावरचा रंग उतरत होता. मी बघत असताना. ओठ आधी पांढरे, मग निळसर. तिनं हात पुढं केला, मी धरला, आणि थंडी माझ्या कोपरापर्यंत आली.

मशीनला लागतं तेवढंच मशीन ओढतं.

भिंतीतून मिळालं नाही, तर दुसरीकडून.

महिनाभर तो मेलेला सप्लाय रोज दुपारी तिच्यावर सुरू होऊ बघत होता. पाव फेरा. एवढीच तिची ताकद. आणि आता मी त्याला साडेचारशेचा लावला होता.

मी प्लग परत घातला.

४५०.

काकूनं मोठा श्वास घेतला. मिनिटाभरात हात कोमट झाला. “पाणी दे रं,” म्हणाली.

“बंद झालं का?” पाणी पिऊन तिनं विचारलं. पंखा तिला ऐकू येतच होता.

मी जन्मात तिच्याशी खोटं बोललो नव्हतो.

“एक पार्ट लागतो काकू. लातूरला जाऊन आणावा लागंल. तोपर्यंत चालू राहू दे. मधेच उपटलं तर... काकांना त्रास होईल.”

तिनं रिकामा तांब्या फरशीवर ठेवला.

“किती दिवस?”

“पंधरा.”

“बरं. पर अडकवून ठेवू नको रं त्यांला. लई सोशीक माणूस.”

*

ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत.

काकू ठणठणीत आहे. वजन भरून आलं. पोळ्या लाटते, गल्लीत भांडणं सोडवते, साखराबाईबरोबर नांदेडला लग्नाला जाऊन आली. फोनवर दर वेळी विचारते, “पार्ट आला का?” मी म्हणतो, कंपनीनं बनवणं बंद केलंय, शोधतोय.

देगलूरला लाइट जाते म्हणून मशीनला इन्व्हर्टर बसवला. मोठी बॅटरी. दोन-तीन तास निभतात.

मागच्या जूनमध्ये वादळात तारा पडल्या. देगलूर दीड दिवस अंधारात. मला कळलं तेव्हा लाइट जाऊन पाच तास झाले होते. बॅटरी कधीच संपलेली असणार. फोन लावताना बोटं चालत नव्हती.

“काकू! बरी आहेस ना?”

“मला काय झालंय? पापड लाटून राहिले.”

“लाइट गेली ना?”

“हाव, सकाळपासनं.”

“आणि... मशीन?”

“चालू हाय की.” मग हळूच, “तम्मा, लाइट न्हाई तर हे कशावर चालतंय रं?”

“इन्व्हर्टर,” मी म्हणालो. दात वाजू नयेत म्हणून जबडा आवळून धरला होता.

मी वैजनाथभाऊंच्या दुकानात बसलो होतो. अंगावर त्यांनी दिलेली सतरंजी. ते मला बघत होते.

“ताप हाय का तुला?”

“नाही.”

“शर्ट कुणाचा घातलास? थोरल्या भावाचा?”

शर्ट माझाच होता. सहा महिन्यांपूर्वी घट्ट बसायचा.

का मी, ते मला सांगता येत नाही. कदाचित तो सप्लाय माझ्या हातांनी बसवला म्हणून. कदाचित काकूच्या हातातली ती थंडी मी कोपरापर्यंत घेतली, तेव्हाच ती वाट झाली असेल. विचार करून करून मी दमलो. डॉक्टर झाले. रिपोर्ट चांगले आहेत.

आता देगलूरची लाइट कधी गेली, ते मला लातूरात बसून कळतं. आधी बोटं. मग मनगट. मग कोपर.

आज सकाळी गेलीय. बॅटरी संपून पाऊण तास झाला. टायपिंगला वेळ लागतोय.

इथं ग्रुपवर देगलूरचे बरेच जण वाचतात, म्हणून एवढं सगळं लिहिलं. गल्लीत कधी काकू भेटली, मशीनचा विषय काढला, तर म्हणा, शिवम पार्ट शोधतोय. बाकी काही सांगू नका. तिला हे कळलं तर ती एक क्षण थांबणार नाही. मला वाचवायला घण घेऊन त्या मशीनवर जाईल. आणि मशीन तेव्हा सगळ्यात जवळचं माणूस धरेल.

सांगू नका तिला.